जुने चलच्चित्रपाठ पाहण्याची सोय

शाळेच्या कपाटातील जुन्या सीडीवरील चलच्चित्रपाठ संगणकावर उघडत नाही, म्हणून ती सीडी टाकून देण्याची घाई शिक्षकबंधुभगिनींनी करू नये. फाइलच्या नावाअखेर ‘एसडब्ल्यूएफ’ ही अक्षरे असतील तर तो पाठ फ्लॅशचा आहे असे समजावे. फाइल बहुधा शाबूत असते. गेला आहे तो तिचा दुभाषी. ब्राउझरला ही भाषा स्वतः कळत नसे. प्लगइन नावाचा जोडभाग ते काम करी. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी तो देणे थांबविले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात पाठ चालणेही बंद केले. आता ‘फ्लॅश प्लेअर’ देऊ करणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांच्या वाटेस जाऊ नये. संगणकास विषाणूची बाधा होण्याचा संभव असतो.

त्याऐवजी ‘रफल’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. ॲक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांतील पाठ त्यात बहुतेक नीट चालतात. तिसरीतील काही अडखळतात. मुख्य फाइल पुष्कळदा शेजारच्या फाइलींवर अवलंबून असते, यास्तव संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावा. वर्गापुढे लावण्यापूर्वी प्रत्येक बटण दाबून पाहावे. पहिले चित्र हलले तरी पुढील प्रश्न मुके राहतात, असे घडते.