रक्तवाहिन्यांचे टॉनिक बाटलीत नव्हे, पायांत!

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतील एक आजी मुलीबरोबर माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६८. हातात औषधांची पिशवी. नेहमीप्रमाणे मी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बिटाची पावडर आणि 'नसा मोकळ्या करणारे' कसलेसे चूर्ण निघाले. निघाली नाही ती फक्त रक्तदाबाची गोळी! "एवढं सगळं घेतेय म्हटल्यावर ती गोळी कशाला, डॉक्टर? बंद करून तीन महिने झाले," आजी म्हणाल्या. रक्तदाब मोजला, तो १७६/१०० भरला.

आजींसारखा समज अनेक घरांत आहे. म्हणून आज या विषयाची थोडी माहिती घेऊ.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे

रक्तवाहिनीला आतून पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे रक्तवाहिनी सैल होते, रुंदावते आणि रक्त सुरळीत वाहते. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळीही याच वायूच्या मार्गाने काम करते.

पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक या अस्तराला मदत करते. पाळी गेली की ती मदत आटते, रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात आणि रक्तदाब चढू लागतो. मग बाहेरून संप्रेरके दिली तर? अमेरिकेत हजारो स्त्रियांवर हा प्रयोग झाला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात उलट वाढलेले दिसले, म्हणून २००२ मध्ये प्रयोगाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला.

गोळ्यांचा हिशेब

'ई' जीवनसत्त्वाची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत ४५ वर्षांवरील सुमारे ४० हजार निरोगी स्त्रियांवर दहा वर्षे चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००५ मध्ये आला. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे एकूण प्रमाण गोळीने घटले नाही. 'ड' जीवनसत्त्व आणि माशाचे तेल यांचीही सुमारे २६ हजार स्त्री-पुरुषांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, आणि तोही असाच निराशाजनक होता.

याचा अर्थ सगळ्या गोळ्या फेकून द्या असा नव्हे. तपासणीत 'ड' किंवा बी-१२ ची कमतरता आढळली, हाडांसाठी कॅल्शियम लागले, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे. पण ते रक्तदाबाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर अशा गोळ्या न विचारता घेणे धोक्याचेही ठरते.

ताटात काय असावे?

पालक, राजगिरा, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असते. तोंडातील जंतू आणि आपले शरीर मिळून त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. नाशिककरांना ताज्या भाजीची वाण नाही, मग डब्यातली पावडर कशाला? मात्र भाजी उकडून पाणी ओतून देऊ नये, नायट्रेट त्या पाण्याबरोबर जाते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा वॉरफेरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. दिवसभराचे मीठ एका सपाट चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून, कमी असावे. लोणचे, पापडातले मीठही त्यातच धरायचे!

चाला, पण बेताने

चालताना रक्ताचा वेग वाढतो, अस्तरावर घर्षण होते आणि वायू जास्त तयार होतो. खरे सांगायचे तर, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या अस्तरावर हा परिणाम पुरुषांइतका ठळक दिसत नाही, असे काही अभ्यासांत आढळले आहे. तरीही रक्तदाब, साखर, वजन आणि तोल यांना होणारा फायदा निश्चित आहे.

आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटे चाला. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा. गोल्फ क्लब मैदानावर जाणे जमत नसेल तर गल्लीत दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. दोन-तीन दिवस ओट्याला धरून टाचा उचला आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा. छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणे, दरदरून घाम, मळमळ, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबा आणि डॉक्टर गाठा. स्त्रियांत झटका अशा आडवाटेनेही येतो, आणि 'पित्त असेल' म्हणून वेळ जातो.

आजींनी गोळी पुन्हा सुरू केली, लोणचे कमी केले आणि मुलीबरोबर संध्याकाळी चालू लागल्या. चार महिन्यांनी रक्तदाब १३६/८२ होता. श्रेय मुख्यतः गोळीचे, काही चालण्याचे. बाटल्यांचे मुळीच नाही, कारण त्या कधीच बंद झाल्या होत्या.

वाचक भगिनींनो, पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्तदाबाची गोळी एक दिवसही बंद करू नका.