दावीदाच्या यादीतील शेवटचे नाव

बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाच्या नावाची दोन पुस्तके आहेत. त्यांपैकी दुसऱ्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात इस्राएलाचा राजा दावीद याच्या पराक्रमी वीरांची यादी दिलेली आहे. तिची सुरुवात वाचताना आपण एखादा पोवाडाच ऐकत आहोत असे वाटते. पलिष्ट्यांशी लढून लढून एलाजाराचा हात तलवारीच्या मुठीला चिकटून बसला. बाकीचे पळून गेले तरी शम्मा मसुरीच्या शेतात एकटा ठाण मांडून उभा राहिला. बनायाने बर्फ पडत असताना खड्ड्यात उतरून सिंह मारला. पुढे मात्र नुसती नावे येतात, आणि ३७ ही एकूण संख्या सांगण्यापूर्वीचे अगदी शेवटचे नाव आहे उरीया हित्ती. त्याच्यापुढे एकही पराक्रम लिहिलेला नाही.

मग हा मान त्याला कशाबद्दल? मला वाटते, याचे उत्तर त्याच पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहे. आणि गंमत अशी, की त्या अध्यायात उरीयाच्या हातून एकही शत्रू मेल्याचे सांगितलेले नाही.

दावीदाचे सैन्य सेनापती यवाबाच्या हाताखाली अम्मोन्यांच्या राब्बा नगराला वेढा घालून बसले होते. (राब्बा म्हणजे आजच्या जॉर्डनची राजधानी अम्मान.) राजा स्वतः यरुशलेमेतच राहिला होता. उरीया आघाडीवर असताना राजाने त्याची पत्नी बथशेबा हिला वाड्यावर आणवले. राजाची माणसे दारात आल्यावर त्या बाईला नाही म्हणण्याची सोय कितपत होती, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिला दिवस गेल्याचे कळताच राजाने उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतले, युद्धाची वरवर चौकशी केली आणि घरी जाऊन विसावा घे असे सांगितले. त्याच्या मागोमाग भेटही पाठवली. हेतू उघड होता. उरीया एक रात्र घरी राहिला असता तर सारे प्रकरण झाकले गेले असते.

पण उरीया घरी गेलाच नाही. राजवाड्याच्या दारात चाकरांबरोबर तो आडवा झाला. सकाळी राजाने कारण विचारले, तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा: कराराचा कोश आणि सारे सैन्य मांडवांत आहे, माझा सेनापती व त्याची माणसे उघड्या रानात पडली आहेत, अशा वेळी घरी जाऊन खाणेपिणे आणि पत्नीसुख भोगणे माझ्याकडून होणार नाही. राजाने मग त्याला जेवायला बसवून दारू पाजली. झिंगलेला उरीयाही घरी गेला नाही.

उरीयाला आंधळा आज्ञाधारक समजणे मला पटत नाही. राजाची सूचना त्याने मोडली, तीही राजाच्याच घरात राहून. त्याची निष्ठा वेढ्यात बसलेल्या सोबत्यांशी होती. शिवाय मोहिमेवरील माणसाने स्त्रीसंगापासून दूर राहावे हा नियम दावीदाचा परिचयाचा होता. पूर्वी अहीमलेख याजकाकडे पवित्र भाकरी मागताना, आपली माणसे हा नियम पाळतात, असे त्याने स्वतःच सांगितले होते. राजाला त्याच्याच नियमाची आठवण करून दिली ती कोणी? वंशाने हित्ती असलेल्या, म्हणजे मूळच्या परक्या माणसाने.

यानंतर दावीदाने यवाबाला पत्र लिहिले. उरीयाला लढाईच्या तोंडी उभे करावे आणि बाकीच्यांनी मागे सरावे, असा त्यात हुकूम होता. ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. त्याला वाचता येत होते की नाही, हे ग्रंथात सांगितलेले नाही.

या ठिकाणी मी वाचता वाचता थांबलो. माझे वडील निरक्षर आहेत. माझ्या जन्माआधी एका मुकादमाने त्यांच्या हाती दुसऱ्या गावच्या मुकादमासाठी घडी घातलेली चिठ्ठी दिली होती. वडील आठ किलोमीटर चालत गेले आणि चिठ्ठी पोहोचवली. या माणसाला काम देऊ नये, असे तीत लिहिले होते. आपण दुसऱ्या कोणाकडून ती वाचून का घेतली नाही, असे मी एकदा त्यांना विचारले. ते म्हणाले, "दुसऱ्याची चिठ्ठी होती ना रे ती." तोवर मला उरीयाचे वागणे भाबडे वाटत होते.

उरीया नगराच्या तटाजवळ मारला गेला. त्याच्याबरोबर दुसरेही काही सैनिक मेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाला त्याचा अपराध दाखवला, तो प्रसंग प्रसिद्धच आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढच्या ग्रंथकारांचे वागणे. राजांच्या पहिल्या पुस्तकात दावीदाच्या सदाचरणाची वाखाणणी करताना उरीयाचे प्रकरण तेवढे वगळले आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात राब्बाचा वेढा सांगितला आहे, मात्र ही लाजिरवाणी कथा गाळली आहे. तरी वीरांच्या यादीतून उरीयाचे नाव काढलेले नाही. आणि नव्या करारात मत्तयाने येशूची वंशावळ दिली, तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव लिहिले नाही. (हा तिच्यावर अन्यायच झाला.) ती उरीयाची बायको होती, एवढेच त्याने लिहिले.