उघडे वेळापत्रक

परक्या शहरात प्रथमच उतरलेल्या माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. रस्ते समोर पसरलेले असतात, त्यांवरून बसगाड्या धावत असतात, थांब्यांवर गाड्यांचे क्रमांकही लिहिलेले असतात. परंतु कोणती गाडी आपल्याला कोठे नेईल, हे त्यास उमगत नाही. त्याच थांब्यावर उभा असलेला गावचा रहिवासी मात्र निश्चिंत असतो. अमुक गाडी बाजारावरून जाते, ती चुकली तर मागची धरून पुलाजवळ उतरावे आणि तेथून चार पावले चालावे, हे सारे त्याला तोंडपाठ असते. शहरातील वाहतुकीचे ज्ञान पुष्कळदा असेच दोन ठिकाणी साठलेले असते. एक तर ते रहिवाशांच्या डोक्यात असते, नाही तर वाहतूक कचेरीच्या कपाटात. ज्याला त्याची खरी निकड, त्याच्या हाती ते नसते.

कपाटातले हे ज्ञान बाहेर कसे आले, याची कथा अमेरिकेतील पोर्टलंड या शहरात सुरू होते. ओरेगन राज्यातील हे शहर विलामेट नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. नदीवर अनेक पूल आहेत, आणि हिवाळाभर तेथे पावसाची रिपरिप चालू असते. या भागातील बसगाड्या व विजेवर चालणाऱ्या आगगाड्या ‘ट्रायमेट’ ही सार्वजनिक संस्था चालवते. तिची स्थापना १९६९ साली झाली. बिबियाना मॅकह्यू नावाच्या एक बाई या संस्थेच्या संगणक विभागात काम करीत असत.

२००५ सालची गोष्ट. मॅकह्यूबाई काही परक्या शहरांतून प्रवास करून घरी परतल्या होत्या, आणि त्यांच्या मनाला एक गोष्ट सारखी टोचत होती. स्वतःची मोटार घेऊन निघालेल्या माणसाला वाट सांगणारे नकाशे त्या वेळी संगणकावर सहज मिळू लागले होते. कोठून निघायचे व कोठे जायचे एवढे लिहिले, की पहिले वळण डावीकडे, दुसरे उजवीकडे, असा सारा मार्ग क्षणात पुढे येई. परंतु ज्याला बसने जायचे आहे, त्याच्यासाठी त्या नकाशांत अवाक्षरही नव्हते. त्याने त्या शहराच्या वाहतूक कचेरीचे नाव शोधावे, तिचे वेळापत्रक मिळवावे, त्यातील बारीक आकडे वाचावे आणि मग आपल्या नशिबावर हवाला ठेवावा! विद्यार्थी, वृद्ध, अंध, मोटार न परवडणारे, असे कितीतरी लोक बसवरच अवलंबून असतात. ज्यांना वाटेची माहिती अधिक हवी, त्यांनाच ती कमी मिळावी, हा उलटा न्याय होता.

मॅकह्यूबाईंना हे अधिक खटकण्याचे आणखी एक कारण होते. ही माहिती अस्तित्वातच नव्हती असे नव्हे. कोणत्या चालकाने कोणती गाडी किती वाजता न्यावी, ती कोणत्या थांब्यावर केव्हा पोहोचावी, हे ठरवल्यावाचून कोणत्याही शहराची बससेवा एक दिवसही चालू शकत नाही. पोर्टलंडच्या कचेरीतील संगणकांत प्रत्येक थांब्याचे स्थान आणि प्रत्येक फेरीची वेळ नोंदलेली होतीच. मात्र ती कचेरीच्या कामापुरती होती. मॅकह्यूबाईंनी नकाशे पुरवणाऱ्या काही कंपन्यांकडे विचारणा केली. आमच्या गाड्यांची माहिती आम्ही देतो, तुम्ही ती तुमच्या नकाशात घालाल काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. गूगल या कंपनीकडून अनुकूल उत्तर आले. तेथे ख्रिस हॅरलसन नावाचे अभियंते अशाच कल्पनेवर आधीपासून काम करीत होते. त्यांच्याजवळ कल्पना होती, पण गाड्यांची माहिती नव्हती. दोन्ही बाजूंची गाठ पडली, आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडमधील कोणत्याही दोन ठिकाणांमधला बसचा मार्ग संगणकावर दिसू लागला.

आता खरी अडचण पुढेच होती. एका शहराचे काम झाले. परंतु जगात शहरे हजारो, आणि प्रत्येकाची नोंद ठेवण्याची रीत वेगळी. कोणी थांब्याला क्रमांक देई, कोणी नाव. कोणी वेळ बारा तासांची लिही, कोणी चोवीस तासांची. या सर्व नोंदी एकाच संगणकाला समजाव्यात, तर सर्वांनी एकाच पद्धतीने लिहिणे आवश्यक होते. म्हणून पोर्टलंडच्या कचेरीने व गूगलच्या अभियंत्यांनी मिळून एक पद्धत ठरवली. तिची खुबी तिच्या साधेपणात आहे. संपूर्ण शहराची वाहतूक काही थोड्या याद्यांत मांडायची. पहिली यादी थांब्यांची, दुसरी मार्गांची, तिसरी फेऱ्यांची, चौथी प्रत्येक फेरी कोणत्या थांब्यावर केव्हा पोहोचते याची, आणि एक यादी कोणती फेरी आठवड्यातील कोणत्या वारी धावते याची. दोन नोंदींच्या मध्ये केवळ एक स्वल्पविराम. एखाद्या लहानशा गावच्या कारकुनालाही साध्या संगणकावर या याद्या लिहिता याव्यात व तपासता याव्यात, असा तो बेत होता. मोठी किमती यंत्रणा मागितली असती, तर लहान गावे दारातूनच परत गेली असती.

या याद्या लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते. थांबा कोठे आहे, हे अक्षांश व रेखांश देऊन सांगायचे असते. पोर्टलंड सुमारे ४५.५ अंश उत्तर अक्षांशावर व १२२.६ अंश पश्चिम रेखांशावर आहे. पश्चिमेचे रेखांश लिहिताना आकड्यापूर्वी उणे चिन्ह देतात. ते एक चिन्ह लिहायचे राहिले, तर पोर्टलंडचा बसथांबा प्रशांत महासागर ओलांडून थेट ईशान्य चीनमध्ये जाऊन पडेल! भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत असल्या चुकीने एखादा गुण जातो. येथे प्रवाशाची बस जाते.

वेळेच्या नोंदीत याहून गमतीची एक गोष्ट आहे. समजा, एक बस रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी सुटली व १२ वाजून ४० मिनिटांनी शेवटच्या थांब्यावर पोहोचली. चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे ती २३:५० ला निघाली आणि ००:४० ला पोहोचली. माणसाला यात काही वावगे वाटत नाही. संगणक मात्र आकड्यांचा गुलाम. ही गाडी निघण्यापूर्वीच पोहोचली, असा तो समज करून घेईल. यावर उपाय असा, की पोहोचण्याची वेळ २४:४० अशी लिहावी. पहाटे एक वाजताच्या फेरीला २५:०० लिहावे. कोणत्याही घड्याळात न वाजणारे पंचवीस त्या यादीत सुखाने वाजतात, कारण बसचा दिवस मध्यरात्री संपत नसून रात्रीची शेवटची गाडी आगारात परतल्यावर संपतो.

पोर्टलंडच्या कचेरीने आपल्या याद्या केवळ एका कंपनीला दिल्या नाहीत, तर आंतरजालावर सर्वांसाठी मोकळ्या ठेवल्या. सप्टेंबर २००६ मध्ये टॅम्पा, होनोलुलू, यूजीन, पिट्सबर्ग व सिॲटल ही पाच शहरे त्यात सामील झाली. पुढे या पद्धतीच्या नावातील ‘गूगल’ हा शब्दही गळला व त्या जागी ‘सर्वसामान्य’ या अर्थाचा शब्द आला. कारण आता ती कोणा एकाची राहिली नव्हती.

परंतु सर्वच कचेऱ्यांनी आपली कपाटे इतक्या सहजपणे उघडली नाहीत. न्यूयॉर्कच्या उपनगरी रेल्वेने नित्य ये-जा करणाऱ्या एका प्रवाशाने मोबाइलवर त्या गाड्यांच्या वेळा दाखवणारे एक ॲप तयार केले होते. २००९ साली तेथील वाहतूक प्राधिकरणाने त्यास हरकत घेतली. वेळापत्रक आमचे आहे, ते वापरायचे तर आमची अनुज्ञा घेऊन मोबदला द्यावा, असे त्याचे म्हणणे पडले. ते ॲप काही काळ मिळेनासेही झाले. प्राधिकरणाची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. कोणी जुन्या वेळा छापून वाटल्या व लोकांच्या गाड्या चुकल्या, तर शिव्याशाप कचेरीलाच खावे लागतात. परंतु अमेरिकेच्या कायद्यात स्वामित्वहक्क लेखनावर असतो, निव्वळ वस्तुस्थितीवर नसतो. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटते, ही तर वस्तुस्थिती. शिवाय लोकांना जुन्या वेळा मिळू नयेत असे वाटत असेल, तर नव्या वेळा तत्परतेने देणे हाच सरळ मार्ग नव्हे काय? वाद मिटला, आणि २०१० साली त्याच प्राधिकरणाने आपली वेळापत्रके सर्वांच्या उपयोगासाठी खुली केली.

वेळापत्रक हाती आले, तरी वाट पाहणे संपत नाही. पावसात, अंधारात, निर्जन थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी केव्हा यावयाची होती याच्याशी कर्तव्य नसते. ती आता कोठे आहे, हे त्यास हवे असते. सिॲटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधन करणारे ब्रायन फेरिस या विद्यार्थ्याने २००८ साली त्यासाठी एक साधन बनवले. गाड्यांच्या ठावठिकाण्यावरून पुढची बस किती मिनिटांत येईल, हे ते सांगे. पुढे २०११ साली याच विद्यापीठातील अभ्यासकांनी त्याचा परिणाम तपासून पाहिला. ज्यांच्याजवळ हे साधन नव्हते, त्यांना आपली वाट पाहण्याची वेळ प्रत्यक्षापेक्षा अधिक वाटत असे. ज्यांच्याजवळ ते होते, त्यांना ती जेवढी होती तेवढीच वाटे. आणि ते घरातून बेताने निघत असल्यामुळे त्यांची वाट पाहण्याची प्रत्यक्ष वेळही काहीशी कमी झाली होती. बसचा वेग तसूभरही वाढला नव्हता. वाढली होती ती केवळ थांब्यावरच्या माणसाची माहिती.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या लोकलने जाणारे प्रवासी पूर्वी स्थानकावरील दुकानातून वेळापत्रकाची चिमुकली पुस्तिका विकत घेत आणि ती खिशात किंवा पर्सच्या कप्प्यात जपून ठेवत. फलाटावर मान वर करून दर्शकफलक पाहायचा, म्हणजे गाडी कोठली, धीमी की जलद, हे कळे. त्या फलकाला सारी मुंबई ‘इंडिकेटर’ म्हणते. सचिन टेके या अभियंत्याने २०१० च्या सुमारास लोकलचे वेळापत्रक मोबाइलमध्ये बसवणारे ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप लोकांपुढे आणले, तेव्हा त्याचे नाव कोणाला समजावून सांगावे लागले नाही. कोची मेट्रोने २०१८ साली आपली वेळापत्रके पोर्टलंडमध्ये जन्मलेल्या त्याच याद्यांच्या रूपात खुली केली, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या बसगाड्यांची माहितीही सर्वांसाठी उपलब्ध झाली.

मात्र मुंबईच्या पावसापुढे कोणतेच वेळापत्रक टिकत नाही. २६ जुलै २००५ रोजी, म्हणजे मॅकह्यूबाई ज्या वर्षी या खटपटीला लागल्या त्याच वर्षी, सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. रूळ पाण्याखाली गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या, अनेक ठिकाणी दूरध्वनीही मुके झाले. कचेऱ्यांतून निघालेले लाखो लोक वाटेत अडकले. पुढे गाड्या चालू आहेत की नाहीत, पूल मोकळा आहे की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. समोरून येणाऱ्या भिजलेल्या माणसाला विचारायचे आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकायचे, एवढेच हाती होते. पुष्कळ जण कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी पोहोचले. काहींना घर गाठायला दुसरा दिवस उजाडला. वाटेवरच्या वस्त्यांतील लोकांनी अनोळखी पांथस्थांना चहा पाजला, बिस्किटे दिली, रात्रीपुरता आसरा दिला, आणि पुढच्या वाटेची बातमीही दिली.

समोरून येणाऱ्याला विचारण्याची ती रीत अजून मोडलेली नाही. लोकल रखडली, की डब्यातील प्रवासी आपल्या मोबाइलवर चार शब्द लिहितात: गाडी अमुक स्थानकाबाहेर उभी आहे, वीस मिनिटे झाली, रुळांवर पाणी आहे. ते लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. कुर्ल्याच्या फलाटावरून कोणी एकाने लिहिलेले शब्द ठाण्याला घराबाहेर पडू पाहणारी एक आई वाचते, हातातली छत्री मिटवून पुन्हा खुंटीला अडकवते, आणि मुलांना सांगते, “जरा थांबा रे, गाड्या बंद आहेत.”