कान का वाजतात?

रात्री सामसूम झाली, की काही जणांच्या कानात आवाज सुरू होतो. कुणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला नुसते सूं सूं. शेजारी निजलेल्या माणसाला मात्र काहीच ऐकू येत नाही. तो म्हणतो, "तुझे कान वाजले असतील!" आपल्याकडे हे थट्टेने म्हणतात. पण कान खरोखरच वाजतात. ही भुताटकी नव्हे आणि वेडही नव्हे.

आमच्या बोरिवलीच्या वर्गाला एक गृहस्थ येत. वीस वर्षे ते पत्रा ठोकण्याच्या कारखान्यात कामाला होते. फळ्याजवळ बसत, तरी आम्ही 'सात' म्हटले की पाटीवर 'हात' लिहीत. बाकीचे हसत. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, दोन वर्षं झाली, कान वाजतात. मुकादमाला सांगितलं तर काम जाईल. घरीही बोललो नाही." मुले काही विचारत, तर ते नुसती मान डोलवत. माणूस घरातच एकटा पडला होता.

कानात होते काय, ते पाहू. कानाच्या आत, हाडामध्ये, गोगलगायीच्या शंखासारखी वळणावळणाची एक बारीक नळी असते. तिच्यात पाण्यासारखा रस असतो. त्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात. दर कानात त्या सुमारे १५,००० असतात. वाऱ्याने भाताची रोपे डुलावीत, तसे ते तंतू आवाजाने डुलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. थोडा वारा आला, तर रोपे वाकून पुन्हा उभी राहतात. वादळाने मोडली, की संपले. या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. मग तिकडून निरोप येत नाही, आणि मेंदू कान ताणून बसतो. रेडिओवर स्टेशन लागेना म्हणून आपण आवाज वाढवला, की नुसती खरखर येते ना? तसेच हे.

हे वादळ कुठले? पत्र्याचा कारखाना, खडी फोडण्याचे यंत्र, वर्सोव्याच्या होडीचे इंजिन, विसर्जनाचा डीजे, आणि लोकलमध्ये कानात खुपसलेला इअरफोनसुद्धा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. १०० डेसिबलला तो जेमतेम १५ मिनिटे उरतो. मोजायचे यंत्र नसले तरी चालेल. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की तो आवाज कानाला घातक समजावा. कानात नुसता कापूस कोंबून भागत नाही. त्यासाठी मिळणारी बुचेच घालावीत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात कामाचा रोग म्हणून नोंदलेला आहे, हेही कामगारांनी ध्यानात ठेवावे.

दर वेळी आवाजच कारण असतो असे नाही. कधी मळ साचतो, कधी कान फुटून पू येतो, कधी रक्तदाब वाढलेला असतो. ॲस्पिरिन फार घेतल्याने किंवा क्षयावर देत त्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनीही कान वाजतात. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. स्टेशनाबाहेरच्या कान कोरणाऱ्याकडून मात्र कान कोरून घेऊ नये. काडी, पिन, तापवलेले तेल, काहीही कानात घालू नये. पडदा फाटतो.

घाटकोपरच्या राजावाडी आणि विलेपार्ल्याच्या कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत कान दाखवता येतो. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऐकण्याची तपासणी होते. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. तिथे दिवस लोटले, की इलाज लागू पडत नाही. एकच कान वाजत असेल, नाडीसारखे ठोके ऐकू येत असतील किंवा चक्कर येत असेल, तरीही टाळू नये.

कान वाजणे हमखास थांबवील अशी गोळी नाही. जाहिरातीतल्या औषधाला पैसे घालू नयेत. पण त्रास कमी होतो. रात्री अगदी शांत खोलीत पडू नये. पंखा चालू ठेवावा किंवा रेडिओ हळू लावावा. मेंदूला दुसरा आवाज मिळाला, की तो हा विसरतो. ऐकू कमी येत असेल, तर यंत्राने दोन्ही कामे होतात.

डॉक्टरकडे जाताना एक कागद न्यावा. आता तुम्हाला लिहिता येते. कोणता कान, केव्हापासून, कामावर आवाज किती, कोणती औषधे चालू आहेत, एवढे चार ओळींत लिहावे.