कचऱ्यापासून वीज : ओल्या सालींचा हिशोब



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. ओला कचरा, सुका कचरा असं नेहमीचं सांगून झालं आणि एका मुलाने हात वर केला. "बाई, कचरा जाळून वीज करतात ना? मग वेगळा कशाला करायचा? सगळा एकत्रच जाळायचा की!" पप्पाही घरी असंच म्हणतात, हेही त्याने सांगून टाकलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन अभ्यास केला, तो इथे मांडते आहे.

आधी कार्यक्षमता म्हणजे काय ते पाहू. इंधनातून १०० भाग उष्णता मिळाली आणि त्यातल्या २२ भागांचीच वीज झाली, तर कार्यक्षमता २२ टक्के. कचरा जाळणाऱ्या बऱ्याच प्रकल्पांत ती साधारण २० ते २५ टक्के असते. कोळशाच्या चांगल्या केंद्रात ती ३५ टक्क्यांच्या वर जाते. मग कचरा मागे का पडतो?

पहिलं कारण : पाणी. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, साली, उरलंसुरलं अन्न खूप असतं. समजा १ किलो कचऱ्यात अर्धा किलो पाणी आहे. ते ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ३५ किलोकॅलरी लागतात आणि त्याची वाफ करायला आणखी २७०. एकूण ३०५. उरलेल्या अर्ध्या किलो सुक्या भागातून १५०० किलोकॅलरी मिळाल्या असं धरलं, तर पाचवा हिस्सा नुसतं पाणी उडवण्यातच गेला! ही वाफ टर्बाइन फिरवत नाही, धुराबरोबर चिमणीतून निघून जाते.

दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश तंत्रज्ञानाने असा प्रकल्प उभारला होता. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज करायची होती. पण यंत्राला हवी तेवढी उष्णता त्या कचऱ्यातून निघेचना आणि प्रकल्प लवकरच बंद पडला.

दुसरं कारण : क्लोरीन. वाफ जितकी जास्त तापलेली आणि जास्त दाबाची, तितकी वीज जास्त. पण कचऱ्यातलं पीव्हीसी प्लॅस्टिक आणि मीठ जळताना क्लोरीनयुक्त वायू व क्षार तयार होतात आणि तापलेल्या नळ्या खातात. म्हणून वाफ साधारण ४०० अंशांवरच थांबवावी लागते.

मग सुधारणा कशी करतात?

१. कचरा काही दिवस खड्ड्यात साठवून त्यातलं पाणी निथळू देतात.

२. भट्टीत हवा बेताची सोडतात. हवा जास्त झाली तर तीच उष्णता घेऊन बाहेर जाते.

३. नळ्यांवर निकेलच्या मिश्रधातूचा थर चढवतात. ॲमस्टरडॅममध्ये २००७ साली सुरू झालेल्या प्रकल्पात वाफेचं तापमान ४४० अंश आणि दाब नेहमीच्या सुमारे तिप्पट ठेवला, एकदा वापरलेली वाफ पुन्हा तापवली आणि कार्यक्षमता ३० टक्क्यांवर नेली.

४. उरलेली उष्णता वाया जाऊ देत नाहीत. कोपनहेगनमध्ये ती गरम पाण्याच्या रूपाने नळांतून घरोघरी जाते. आपल्याला घरं तापवायची गरज नाही, पण शेजारच्या कारखान्याला वाफ देता येते.

यातली पहिली पायरी मात्र इंजिनिअरच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात सुरू होते. ओला कचरा वेगळा ठेवला तर त्याचं खत किंवा बायोगॅस होतो आणि भट्टीकडे कोरडा कचरा जातो. ओल्या कचऱ्याने भट्टी थंड पडते. धूर निदान ८५० अंशांवर दोन सेकंद राहायला हवा, नाहीतर डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ उरण्याचा धोका वाढतो. म्हणजे प्रश्न विजेबरोबर आपल्या श्वासाचाही आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांतही कचरा उगमापाशीच वेगळा करायला सांगितलं होतं.

वर्गात करायचा उपक्रम : मी मुलांकडून २०० ग्रॅम भाजीच्या साली मोजून घेतल्या आणि चार दिवस उन्हात ठेवल्या. पुन्हा वजन केलं तर भरल्या जेमतेम ४० ग्रॅम! "बाई, बाकीचं पाणीच होतं?" प्रश्न विचारणारा तोच मुलगा. (भट्टी दाखवायची म्हणून वर्गात काहीही जाळू नका. वजनकाटा पुरेसा आहे.)

पालकहो, "घंटागाडीत शेवटी सगळं एकत्रच होतं" ही तक्रार मीही केली आहे, आणि ती खोटी नाही. पण घरातच एकत्र केलेला कचरा पुढे कुणी धड वेगळा करू शकत नाही. वेगळा दिला, तर गाडीत तो वेगळा ठेवा असं सांगायचा हक्क तरी आपल्याकडे राहतो.

मुलांना विचारा : आपल्या घरातल्या आजच्या कचऱ्यात पाणी किती असेल? आणि ते जाळायला कुणाची उष्णता खर्च होईल?

उत्तरं वहीत लिहून घ्या. पुढच्या पालकसभेत ती मोठ्याने वाचू या.