शुक्राची घुसखोरी

२०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यापासून लडाखच्या सीमेवरील आपले जवान दोन अनोळखी पाहुण्यांमुळे हैराण झाले होते. तेथील एका सरोवराच्या वर रात्री एक तेजस्वी वस्तू दिसे, तर पहाटे दुसरीच एखादी उगवे. दोन्ही सावकाश सरकत. ही शेजारी देशाची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमाने असावीत, असा समज झाला. २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांत १५५ वेळा या वस्तूंनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचे लिहिले गेले! अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी तपास करून निकाल दिला : रात्रीचा घुसखोर म्हणजे गुरू आणि पहाटेचा शुक्र.

तुम्हांला हसू आले असेल. पण हसण्यापूर्वी थोडे गणित करू.

एखादी वस्तू आपल्याला केवढी दिसेल हे तिच्या आकारावर नव्हे, तर आकाराला अंतराने भागून येणाऱ्या कोनावर अवलंबून असते. चंद्राचा हा कोन सुमारे अर्धा अंश. एका अंशाचे ६० भाग केले की एक कला मिळते. आणि आपला डोळा साधारण एका कलेपेक्षा लहान वस्तूचा आकार ओळखू शकत नाही. तो तिला फक्त प्रकाशाचा ठिपका म्हणून पाहतो. आता १ मीटर व्यासाचा फुगा ३.४ किलोमीटरवर धरा. त्याचा कोन एक कला. १० मीटर लांबीचे विमान ३४ किलोमीटरवर : कोन पुन्हा एक कला. शुक्राचा व्यास आहे सुमारे १२,१०० किलोमीटर, आणि तो आपल्या जवळात जवळ येतो तेव्हा सुमारे ४ कोटी १० लाख किलोमीटरवर असतो. भागाकार करून पाहा. उत्तर तेच, एक कला! म्हणजे फुगा, विमान आणि ग्रह हे तिघेही डोळ्याच्या दृष्टीने एकाच मापाचे ठिपके. इतर वेळी शुक्र दूर असतो, तेव्हा त्याचा कोन याहूनही लहान. दिवसा झाडे, घरे, डोंगर यांच्याशी तुलना करून आपण अंतराचा अंदाज बांधतो. रात्रीच्या काळोखात ती सोय नाही. अंतर कळले नाही की आकार कळत नाही, आणि आकार कळला नाही की वेगही कळत नाही.

मग तो ठिपका हलतो असे का वाटते? घरी करून पाहता येईल. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, एक उदबत्ती लावून दूर कोपऱ्यात खोचून ठेवा आणि तिच्या लाल टोकाकडे मिनिटभर टक लावून बघा. काही वेळाने ते टोक इकडेतिकडे फिरू लागल्यासारखे वाटेल. उदबत्ती जागची हललेली नसते. आपल्या डोळ्यांच्या बारीक हालचाली सतत चालूच असतात, आणि तुलनेला दुसरे काही नसल्यामुळे मेंदूला कोण हलले ते ठरवता येत नाही. सीमेवर थंडीत, रात्रभर जागून, शत्रूचीच वाट पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना हा भ्रम झाला तर नवल नाही.

दुसरा फसवा प्रकार तुम्ही एस.टी.तून अनुभवला आहे. कोल्हापूरहून रात्री गारगोटीला निघालात की रस्त्याकडेची झाडे मागे पळतात, पण चंद्र मात्र गाडीबरोबर धावत येतो. आपण जागा बदलल्यावर वस्तूची दिशा जितकी बदलते त्याला पराशय म्हणतात. समजा ४० किलोमीटरवर एक दिवा आहे. तुम्ही आडव्या दिशेने १० किलोमीटर गेलात तर त्याची दिशा सुमारे १४ अंशांनी बदलेल. शुक्राच्या बाबतीत हा बदल डोळ्याला मुळीच जाणवणार नाही. म्हणून शुक्राच्या मागे लागलेल्या वैमानिकाला तो कितीही वेगाने गेला तरी अंतर कमी होताना दिसत नाही, आणि माघारी वळला तर शुक्रच आपला पाठलाग करतो आहे असे वाटते.

बंगळूरच्या शास्त्रज्ञांना हे कोडे उलगडण्यासाठी रॉकेटची गरज पडली नाही. वस्तू कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंश वर आहे, हे ठराविक वेळी मोजायचे आणि आसपासच्या ताऱ्यांच्या संदर्भात ती कशी सरकते ते पाहायचे. ताऱ्यांच्या बरोबरीने सरकली तर ती आकाशातली, नाही तर पृथ्वीवरची. २०१२ च्या डिसेंबरात गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणून रात्रभर दिसे. शुक्र त्या हिवाळ्यात पहाटेचा होता. गंमत अशी की, हे आपल्या घरच्या पंचांगातही छापलेले होते! मला मात्र त्या जवानांचे कौतुकच वाटते. त्यांनी ३२९ वेळा नोंद केली, एकदाही गोळी झाडली नाही.

असा शेवट सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेत केंटकी राज्यात कॅप्टन थॉमस मँटेल हा वैमानिक आकाशातल्या एका चकाकत्या वस्तूमागे आपले मस्टँग विमान घेऊन चढत गेला. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. विरळ हवेत त्याची शुद्ध हरपली आणि विमान कोसळून तो मरण पावला. आधी शुक्रावर आरोप झाला. पुढे उलगडा झाला तो असा, की ती वस्तू बहुधा संशोधनासाठी सोडलेला प्लॅस्टिकचा प्रचंड फुगा असावी. असे फुगे आपल्याकडेही उडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथून ३० ते ४० किलोमीटर उंचीवर गेलेल्या फुग्यांची उपकरणे वाऱ्याबरोबर सोलापूरच्या बाजूलाही येऊन उतरू शकतात. सोलापूरकडच्या तुमच्या मामांना संध्याकाळी आकाशात एखादा पांढरा मोती लटकलेला दिसला, तर त्यांना हे जरूर सांगा.

फसवणूक केवळ दूरच्या ठिपक्याचीच होते असे नाही. १९४२ च्या सुमारास अमेरिकेत म्युरॉक येथे पहिल्या जेट विमानाच्या गुप्त चाचण्या चालल्या होत्या. जमिनीवर असताना कोणाला संशय येऊ नये म्हणून त्याच्या नाकावर खोटा पंखा बसवीत. जॅक वूलॅम्स या चाचणी वैमानिकाची गोष्ट सांगतात, की तो गोरिलाचा मुखवटा आणि गोल टोपी घालून, तोंडात सिगार धरून ते पंखा नसलेले विमान इतर वैमानिकांच्या शेजारून नेई. आता त्या बिचाऱ्यांनी तळावर जाऊन काय सांगायचे?

म्हणूनच आज विमानाची ओळख डोळ्यांवर सोडलेली नाही. साधे रडार लहरी पाठवते आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपते. त्यावरून तेथे काहीतरी आहे एवढे कळते, कोण आहे ते नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी राजस्थानात बारमेरकडे रडारवर दिसलेल्या वस्तूवर सुखोई-३० विमान धाडले गेले. पाडल्यावर तो निघाला फुगा! यासाठी दुसरे रडार प्रश्न विचारते आणि विमानातले यंत्र आपला चार अंकी क्रमांक कळवते. या क्रमांकात ० ते ७ एवढेच अंक वापरतात. मग असे एकूण किती क्रमांक होतील? ८ गुणिले ८ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे ४०९६.

पण नाव सांगणाराच दोन नावे सांगू लागला तर? २००९ च्या जूनमध्ये दिएगो गार्सियाहून कंदाहारला निघालेले एक अँटोनॉव्ह-१२४ मालवाहू विमान आपल्या हवाई हद्दीतून जात होते. पंखांची रुंदी ७३ मीटर. ते काही शुक्र वाटण्यासारखे नव्हे. पण आधी त्याने नागरी विमानाचे संकेतनाव दिले आणि नंतर लष्करी. विमान तेच, कर्मचारी तेच, नावे दोन. ते मुंबईला उतरवून घेतले गेले आणि परवान्यांची उस्तवार पुरी झाल्यावरच पुढे गेले.

आता तुमची पाळी. शुक्र संध्याकाळी दिसत असेल त्या दिवसांत रंकाळ्याच्या पूर्व काठावर उभे राहा. हात लांब करून मूठ मिटली की तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. शुक्र क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते वहीत वेळेसह लिहा आणि २० मिनिटांनी पुन्हा मोजा. आकाश तासाला १५ अंश फिरते, तेव्हा तो अर्धी मूठ खाली आलेला आढळेल. मध्येच एखादे विमान दिसले तर त्याच्या दिव्यांकडे पाहा : डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा. लाल दिवा तुमच्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसला, तर ते तुमच्याकडेच येत आहे.