धंद्यांतील पुढारीपण

विद्यार्थिमित्रहो, शाळा सोडल्यावर तुमच्यापैकीं पुष्कळजण नोकरीस किंवा व्यापारधंद्यास लागतील, आणि आज ना उद्यां दहापांच माणसांकडून काम करवून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. त्या वेळीं माणसांशीं वागावें कसें? हुकूम सोडावा, सल्ला घ्यावा, कीं ज्याचें काम त्याच्यावर सोंपवून दूर राहावें? ह्या प्रश्नाचा विचार आधींच करून ठेवलेला बरा.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या सहकारी भांडाराची देखरेख मजकडे होती. कोणत्या वह्या आणाव्या, कोठें मांडाव्या, विक्रीस कोणीं बसावें, हें सर्व मीच ठरवीत असें. हिशेब कधीं चुकत नसे आणि मला त्याचा अभिमान वाटे. पुढें मी तापानें आजारी पडलों. आठ दिवसांनीं शाळेंत येऊन पाहतों तों भांडार बंद! किल्ली मुलांजवळ होती, माल कपाटांत होता, परीक्षा तोंडावर आलेली होती. कारण विचारतां चिटणीस म्हणाला, “सर, तुम्हीं सांगितलें नव्हतें.” तो मुलगा आळशी नव्हता. स्वतः विचार करण्याची संवय मींच त्याला लागूं दिली नव्हती.

ह्या चुकीचा उलगडा मला एका प्रसिद्ध प्रयोगाची माहिती वाचून झाला. जर्मनींत १९३३ सालीं हिटलरची सत्ता आल्यावर कुर्ट लेविन हे यहुदी मानसशास्त्रज्ञ देश सोडून अमेरिकेस गेले. तेथील आयोवा विद्यापीठांत त्यांनीं लिपिट व व्हाइट ह्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें दहा वर्षांच्या मुलांचीं लहान लहान मंडळें करून त्यांस मुखवटे बनविण्यासारखे हस्तव्यवसाय दिले होते. एका प्रकारचा पुढारी प्रत्येक गोष्ट हुकमानें करवी. दुसरा मुलांशीं विचारविनिमय करून काम ठरवी. तिसरा सर्व मुलांवर सोडून बाजूस उभा राही. हुकमाच्या रीतींत पुढारी समोर असेपर्यंत काम होई. तो बाहेर जातांच हात थांबत. कांहीं मुलें आपसांत चिडत, कांहीं अगदीं मुकीं होऊन बसत. विचारविनिमयाच्या रीतींत पुढारी बाहेर गेला तरी काम चालूच राही. तिसऱ्या रीतींत मात्र काम सर्वांत कमी झालें.

ह्यावरून सल्लामसलत हाच एक सर्वकाळचा मार्ग असें समजूं नये. कारखान्यांत आग लागली असतां सभा भरवून मतें घेणें हा वेडेपणा होय. तेथें स्पष्ट हुकूमच पाहिजे. पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड ह्या अमेरिकन लेखकांनीं १९६९ सालीं असा विचार मांडला कीं, हाताखालील माणसाची तयारी पाहून पुढाऱ्यानें आपली रीत बदलावी. नवख्याला काम नेमकें सांगावें. तो थोडें शिकला म्हणजे कामामागील कारणही समजवावें. ज्याचा हात बसला पण धीर होत नाहीं, त्याला निर्णयांत सोबत घ्यावें. जो कामांत निपुण आणि मनानेंही समर्थ झाला, त्याच्यावर काम विश्वासानें सोंपवावें.

परंतु ह्यासाठीं आधीं माणूस ओळखतां आला पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर कारखाना उभारला. तीच आजची किर्लोस्करवाडी. शाळेचें शिक्षण अर्धवट राहिलेल्या अनंतराव फळणीकरांना त्यांनीं यंत्रांच्या कामांत वाव दिला, आणि तुरुंगांतून शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचें काम सोंपविलें. जगानें टाकून दिलेल्या माणसांतही कांहीं गुण असतो, अशी दृष्टि असल्यावांचून हें धाडस कोण करील?

मींही नंतर भांडाराची रीत बदलली. पहिला महिनाभर मुलांना हिशेब व खरेदी शिकविली, मग प्रत्येक खरेदीपूर्वीं त्यांचें मत विचारूं लागलों, आणि शेवटीं खरेदी त्यांच्याच हातीं दिली. एकदां त्यांनीं रेघी वह्या गरजेपेक्षां फार आणल्या व थोडा तोटा आला. सारा कारभार पुन्हां हातीं घ्यावा असें मला फार वाटलें. पण मीं स्वतःला आवरलें. पुढील खरेदीपूर्वीं मुलांनीं, कोणीं न सांगतां, वर्गावर्गांतून मागणी लिहून घेतली. तोटा लहान होता. त्यांतून मिळालेला धडा मोठा होता.

पालकांसही एक विनंति आहे. दुकानांत किंवा शेतांत मुलगा अथवा मुलगी तुमच्या हाताखालीं काम करीत असेल, तर आज तिला किंवा त्याला कोणत्या पायरीवर वागवावयाचें, हें मधून मधून पाहात जा. गेल्या वर्षीं योग्य होता तोच हुकूम यंदां जाच होऊं शकतो.

आणि मित्रहो, तुम्ही पुढारी व्हाल तेव्हां तुमच्या समक्ष काम कसें चालतें एवढ्यावर समाधान मानूं नका. आठ दिवस दूर राहा व परत येऊन पाहा. भांडाराचें दार उघडें दिसलें, तर तुमचें पुढारीपण साधलें असें खुशाल समजा.